सहारा मॅरेथॉन: निर्वासितांच्या छावण्यांमधून धावण्याची तयारी

सहारा मॅरेथॉन ही अल्जीरियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, तिंदूफ शहराजवळच्या सहरावी निर्वासितांच्या छावण्यांमधून धावली जाणारी शर्यत आहे. तिची सुरुवात २००१ साली झाली. ती सहसा फेब्रुवारीच्या अखेरीस होते, कारण २७ फेब्रुवारी १९७६ रोजी सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि छावण्यांमध्ये तो दिवस राष्ट्रीय दिन म्हणून साजरा होतो. पूर्ण मॅरेथॉन, अर्धमॅरेथॉन, १० किलोमीटर आणि ५ किलोमीटर असे पल्ले असतात. पूर्ण मॅरेथॉनचा मार्ग अल-अयून छावणीतून निघून औसर्दमार्गे स्मारा छावणीत संपतो. परदेशी धावपटू हॉटेलात नव्हे, तर निर्वासित कुटुंबांच्या घरी उतरतात. त्यांच्या शुल्कातून आणि त्यांनी जमवलेल्या देणग्यांतून छावण्यांमधल्या उपक्रमांना, विशेषतः मुलांच्या खेळाला आणि शिक्षणाला, हातभार लागतो.

या छावण्यांना आता सुमारे पन्नास वर्षे झाली. सहरावींचा मूळ प्रदेश, पश्चिम सहारा, ही स्पेनची वसाहत होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये माद्रिद येथे झालेल्या करारानंतर स्पेनने तिचा ताबा मोरोक्को आणि मॉरिटानिया यांच्याकडे जाऊ दिला. त्यातून पेटलेल्या युद्धात हजारो सहरावी कुटुंबे वाळवंट ओलांडून अल्जीरियात आली. १९९१ मध्ये शस्त्रसंधी झाली, सार्वमत घेण्यासाठी संयुक्त राष्ट्रांची मोहीमही स्थापन झाली. ते सार्वमत आजवर झालेले नाही, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये शस्त्रसंधीही मोडली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने २०१८ मध्ये छावण्यांतील लोकसंख्या सुमारे १,७३,६०० असल्याचा अंदाज दिला होता. अल-अयून, औसर्द, स्मारा, दाखला, बुजदूर ही छावण्यांची नावे मागे राहिलेल्या गावांची आहेत. भारताने सहरावी प्रजासत्ताकाला १९८५ मध्ये मान्यता दिली आणि २००० मध्ये ती काढून घेतली. त्यामुळे भारतीय धावपटूला तिथे हा विषय निघण्याची तयारी ठेवावी लागते.

ही माहिती सरावाच्या लेखात येते याला कारण आहे. छावण्यांमध्ये बरेचसे पाणी टँकरने येते, अन्न मुख्यतः शिध्याच्या रूपात मिळते, डॉक्टर थोडे आणि औषधे मोजकी असतात. अर्धवट तयारीने आलेला धावपटू चक्कर येऊन पडला, तर तो निर्वासितांसाठी असलेली सलाईनची बाटली आणि परिचारिकेचा वेळ वापरतो. शहरातल्या मॅरेथॉनमध्ये अपुऱ्या सरावाची किंमत धावणारा स्वतः चुकवतो. इथे ती यजमानांना चुकवावी लागते. म्हणून या शर्यतीच्या तयारीत वेळ किती लागेल हा प्रश्न दुय्यम आहे. स्वतःच्या पायांवर, कोणावरही भार न टाकता पल्ला पूर्ण करता येणे हे पहिले उद्दिष्ट. पल्ला निवडण्यापासून ते लागू होते: गेल्या वर्षभरात एकही अर्धमॅरेथॉन न धावलेल्याने इथे १० किलोमीटरच निवडावे, आणि पूर्ण मॅरेथॉनचा पहिला अनुभव वाळवंटात घेऊ नये.

जमीन आणि हवा

सहारा म्हटले की वाळूच्या टेकड्या डोळ्यांसमोर येतात, पण तिंदूफचा प्रदेश मुख्यतः 'हमादा' आहे. हमादा म्हणजे कठीण, खडकाळ, जवळजवळ सपाट पठार. त्यावर बारीक दगडगोटे पसरलेले असतात आणि मधूनमधून मऊ वाळूचे पट्टे लागतात. सावली नसते. क्षितिज इतके दूर असते की समोर दिसणारी छावणी बराच वेळ धावूनही जवळ आल्यासारखी वाटत नाही. फेब्रुवारीत दुपारचे तापमान साधारणपणे २० ते २५ अंशांच्या आसपास असते, रात्री ते १० अंशांखाली उतरते. आकडे सौम्य आहेत, पण त्यांवर विसंबून राहता येत नाही: ऊन थेट डोक्यावर येते, हवा कोरडी असते आणि एखाद्या वर्षी उष्ण दिवस किंवा वाळूचे वादळ वाट्याला येते.

मुंबई किंवा कोकणातून जाणाऱ्याला कोरडी हवा सर्वांत जास्त फसवते. दमट हवेत घाम अंगावर साचतो, बनियन चिंब होते आणि शरीरातले पाणी जात आहे हे सतत जाणवते. वाळवंटात घाम निघताक्षणीच उडून जातो. त्वचा कोरडी राहते, थंडही वाटते, आणि धावपटूला आपण घामाघूम झालेलो नाही असे वाटत राहते. कपाळावर आणि मानेवर जमलेले पांढरे मीठ हीच काय ती खूण. विदर्भ-मराठवाड्यातल्या धावपटूंना ही हवा अधिक ओळखीची असते.

सरावाचे महिने

नियमित धावणाऱ्याला, म्हणजे आठवड्याला २५ ते ३० किलोमीटर सहज होणाऱ्याला, पूर्ण मॅरेथॉनसाठी पाच महिने पुरतात. पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस सुरुवात केली की फेब्रुवारीपर्यंत हिशेब बसतो. अर्धमॅरेथॉनसाठी तीन ते चार महिने पुरे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराचा घरात इतिहास असलेल्यांनी, सुरुवातीलाच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. लघवीचे प्रमाण वाढवणारी किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर उष्णतेत त्यांचा परिणाम काय होतो हे मुद्दाम विचारावे.

पहिले दोन महिने पाया घालण्याचे. आठवड्यात चार धावा, त्यांतल्या तीन इतक्या संथ की शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. चौथी लांब पल्ल्याची, दर आठवड्याला थोडी वाढत जाणारी. तीन आठवडे वाढ, चौथ्या आठवड्यात कपात. याच काळात आठवड्यातून दोनदा पायांची ताकद वाढवणारे व्यायाम हवेत: बैठका, एका पायावर उभे राहून खाली जाणे, टाचा उचलणे, पोटाच्या स्नायूंसाठी फळीसारखे स्थिर राहणे. हा भाग बरेच जण टाळतात. हमादाच्या दगडांवर घोटा सतत थोडाथोडा मुरडत राहतो आणि तो सावरण्याचे काम पोटऱ्या व नितंबांचे स्नायू करतात, म्हणून हे व्यायाम सोडू नयेत.

तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात डांबरी रस्ता कमी करून जमीन बदलावी. सोलापूर, सांगोला, माण-खटाव या भागांतले मुरमाड माळ हमादाच्या बरेच जवळ जातात; पुणे-अहिल्यानगर पट्ट्यातही असे माळ आहेत. वाळूसाठी अलिबाग, नागाव, गणपतीपुळे किंवा मुंबईत जुहूचा किनारा चालतो. ओल्या, घट्ट वाळूवर धावून उपयोग नाही. भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत पाय रुततो, आणि तोच अनुभव हवा असतो. मऊ वाळूत धावायला कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते असे प्रयोगांत मोजले गेले आहे. म्हणून वाळूत घड्याळातला वेग पाहू नये, श्वास पाहावा. पावले छोटी आणि जलद टाकावीत, टाचेवर जोर देऊ नये, आणि वाळूचा पट्टा खोल असेल तर निःसंकोच चालावे. सुरुवातीला १५ ते २० मिनिटे पुरे. पोटरी आणि टाचेच्या शिरेवर एकदम ताण आला तर दुखापत महिनाभर पाठ सोडत नाही.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणारी मुंबई मॅरेथॉन या वेळापत्रकात नेमकी बसते. फेब्रुवारीच्या अखेरच्या शर्यतीपूर्वी ती पाच-सहा आठवडे येते. ती स्पर्धा म्हणून नव्हे, रंगीत तालीम म्हणून धावावी: वाळवंटात वापरायचे बूट, तेच मोजे, तेच खाणे, तीच पाण्याची पिशवी. तिच्यानंतर आठवडाभर हलके धावून आणखी एक लांब पल्ला, सुमारे तीन तासांचा, माळावर करावा आणि शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर हळूहळू निम्म्याखाली आणावे.

शेवटी एक सूचना दिनदर्शिकेबद्दल. रमजानचा महिना दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी अलीकडे सरकतो आणि या दशकाच्या उत्तरार्धात तो फेब्रुवारीच्या आसपास येतो. उपवासाच्या महिन्यात पाहुण्यांची व्यवस्था करणे यजमानांना अवघड असते, त्यामुळे शर्यतीची तारीख बदलू शकते. जाहीर झालेली तारीख पाहूनच सरावाचे उलटे गणित मांडावे आणि विमानाची तिकिटे काढावीत.

उष्णतेची सवय

शरीराला उष्णतेची सवय लागायला १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढते आणि त्याच वेगाने धावताना हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. नंतर घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो, आणि त्यातले मिठाचे प्रमाण घटते. ही सवय साठवून ठेवता येत नाही. उष्णतेपासून दूर राहिल्यास दोन ते चार आठवड्यांत तिचा बराचसा भाग ओसरतो. म्हणून नोव्हेंबरात उन्हात धावून फेब्रुवारीत फायदा मिळत नाही. प्रवासाआधीचे शेवटचे दोन आठवडे यासाठी राखून ठेवावेत.

महाराष्ट्रातल्या बहुतेक धावपटूंची सवय पहाटे पाचला धावण्याची असते. या दोन आठवड्यांत तीच धाव सकाळी अकरानंतर घ्यावी, दररोज ६० ते ९० मिनिटे, वेग नेहमीपेक्षा बराच कमी. सोबत कोणीतरी असावे आणि पाणी हाताशी असावे. कार्यालयामुळे ते जमत नसेल, तर सकाळच्या धावेत अंगात एक जास्तीचा थर घालणे हा दुय्यम पण उपयोगी मार्ग. लंडन किंवा न्यू जर्सीसारख्या ठिकाणी ऐन थंडीत सराव करणाऱ्या मराठी धावपटूंसाठी टबातल्या स्नानाची पद्धत अभ्यासांत गुणकारी ठरली आहे: धाव संपताच सुमारे ४० अंश तापमानाच्या पाण्यात मानेपर्यंत बसणे, सोसेल तितके पण ४० मिनिटांहून अधिक नाही, सलग सहा दिवस. उठताना चक्कर येऊ शकते, त्यामुळे घरात एकटे असताना हा प्रयोग करू नये.

उष्माघात ओळखणे प्रत्येक धावपटूला यायलाच हवे. थकवा, मळमळ, डोकेदुखी इथपर्यंत थांबून, आडोशाला बसून, पाणी घेऊन सावरता येते. पण बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला, दिशेचे भान सुटले, तर तो उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असो वा नसो. शरीराच्या आतले तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेले असते. अशा वेळी आधी थंड करणे आणि मग हलवणे हा नियम आहे: कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, ओले फडके मान, काखा आणि जांघांत ठेवावे आणि त्याच वेळी मदत बोलवावी. सोबतचा धावपटू असा दिसला तर स्वतःची शर्यत सोडून थांबावे.

पाणी, मीठ आणि खाणे

किती पाणी प्यायचे याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही, पण स्वतःचे उत्तर घरच्या वजनकाट्यावर काढता येते. धावण्यापूर्वी आणि एक तास धावल्यानंतर, कपडे काढून, अंग पुसून वजन करावे. घटलेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. मध्ये प्यायलेले पाणी त्यात मिळवावे. बहुतेकांचा आकडा तासाला अर्धा ते दीड लिटर येतो. ही चाचणी थंड सकाळी एकदा आणि कोरड्या दुपारी एकदा करावी. शर्यतीत गमावलेले सगळे पाणी लगोलग भरून काढायची गरज नसते. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना चालते.

जास्त पाणी पिणे हा उलटा धोका आहे आणि वाळवंटाच्या धास्तीने नवखे धावपटू त्यात सापडतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीखाली गेलेले आढळले. शर्यतीदरम्यान ज्यांचे वजन वाढले होते आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला होता, त्यांना हा धोका जास्त होता. शर्यतीनंतर वजन वाढलेले असेल, बोटांतली अंगठी घट्ट होत असेल, डोके दुखत असेल, तर आणखी पाणी पाजणे घातक ठरते. तहान लागेल तसे, छोटे घोट घ्यावेत. लांब पल्ल्यात निव्वळ पाण्याऐवजी मीठ-साखरेचे पाणी आलटून पालटून घ्यावे. घरगुती प्रमाण एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असे आहे. जलसंजीवनीची पाकिटे प्रवासात अधिक सोयीची. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या धावताना घेऊ नयेत. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

दीड तासाहून लांब धावेत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. सात-आठ मध्यम आकाराच्या खजुरांतून सुमारे ४० ग्रॅम मिळतात, आणि खजूर हे वाळवंटात सहज मिळणारे खाणे आहे. राजगिऱ्याची वडी किंवा गुळाची चिक्कीही चालते, मात्र कोरड्या तोंडात ती चावता येते का हे आधी सरावात पाहावे. पोटालाही सराव लागतो. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच काही नवे खाणे हे पोट बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे.

पाय आणि अंगावरचे सामान

वाळवंटात शर्यत सोडायला लावणारी गोष्ट बहुधा पायाचा फोड असते. बारीक वाळू बुटाच्या जाळीतून आत शिरते, घामात कालवली जाते आणि त्वचा घासते. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्ध्याने मोठे, खडकाळ जमिनीसाठीच्या तळव्याचे, आणि जाळी शक्य तितकी बारीक असलेले घ्यावेत. त्यांवर घोट्यापर्यंतचे कापडी आवरण, ज्याला धावपटू गेटर म्हणतात, चढवावे. मोजे सुती नकोत. कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे पातळ मोजे घाम धरून ठेवत नाहीत. बूट किमान १०० किलोमीटर वापरून मुरलेले असावेत. टाच, अंगठ्याची बाजू, बोटांच्या फटी जिथे घासतात तिथे आधीच चिकटपट्टी लावावी. नखे शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी कापावीत. धावताना कुठे गरम झाल्यासारखे वाटले की लगेच थांबून वाळू झटकावी. दोन मिनिटांचा हा थांबा पुढचे कित्येक किलोमीटर वाचवतो.

कपडे लांब बाह्यांचे, सैल, फिकट रंगाचे. मानेवर पडदा असलेली टोपी, बाजूंनी बंद असलेला गॉगल, ओठांना मलम, आणि नाका-तोंडावर ओढता येईल असे पातळ सुती कापड. सहरावी पुरुष डोक्याला आणि चेहऱ्याला गुंडाळतात तो लांब कपडा वाळू उडायला लागली की सगळ्या आधुनिक मुखवट्यांहून सरस ठरतो. तो तिथेच विकत घेऊन कसा बांधायचा हे घरातल्या कोणाकडून शिकून घ्यावे. मार्गावर पाण्याची ठिकाणे असली तरी अर्धा ते एक लिटर पाणी स्वतःजवळ असावे, आणि एक शिट्टीही. वादळात मार्गाच्या खुणा दिसेनाशा झाल्या, तर अंदाजाने पुढे न जाता जागेवर थांबावे. १९९४ मध्ये मोरोक्कोतल्या दुसऱ्याच एका वाळवंटी शर्यतीत इटलीचा माउरो प्रोस्पेरी वादळानंतर भरकटला आणि अनेक दिवसांनी अल्जीरियाच्या हद्दीत जिवंत सापडला.

प्रवास आणि मुक्काम

भारतीय पारपत्रधारकांना अल्जीरियाचा व्हिसा लागतो आणि त्यासाठी आयोजकांचे निमंत्रणपत्र हवे असते, म्हणून निदान तीन महिने आधी हालचाल करावी. भारतातून आखाती देश, इस्तंबूल किंवा युरोपमार्गे अल्जियर्स आणि तिथून विमानाने तिंदूफ असा प्रवास होतो. सुरक्षेचा प्रश्न खरा आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये छावण्यांमधून तीन युरोपीय मदतकार्यकर्त्यांचे अपहरण झाले होते आणि तेव्हापासून परदेशी पाहुण्यांची ये-जा बंदोबस्तातच होते. निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाव्यात आणि प्रवास विमा या भागाला लागू आहे का हे लेखी विचारून घ्यावे. बंदोबस्ताला चुकवून एकट्याने पहाटेच्या सरावाला बाहेर पडणे हा बेजबाबदारपणा आहे. धनुर्वात, कावीळ-अ आणि विषमज्वराच्या लसींबाबत डॉक्टरांना विचारावे. जुलाबाची औषधे आणि फोडांची पेटी स्वतःची न्यावी.

मुक्काम कच्च्या विटांच्या खोलीत किंवा खैमा म्हणजे तंबूत असतो. जमिनीवर गालिचे, त्यांवर झोप. रात्री गारठा पडतो, म्हणून झोपण्याची उबदार पिशवी लागते. या मातीच्या खोल्या २००६ आणि २०१५ च्या मुसळधार पावसात मोठ्या संख्येने कोसळल्या होत्या आणि पुन्हा हातांनी उभारल्या गेल्या. आणीबाणीच्या काळात माणशी दिवसाला किमान १५ ते २० लिटर पाणी मिळावे असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. धावून आल्यावर बादलीभर आंघोळ म्हणजे एका माणसाच्या दिवसाच्या पाण्याचा मोठा हिस्सा. ओल्या फडक्याने अंग पुसणे पुरते. पाहुण्याला उत्तम ते वाढण्याची रीत असल्याने घरचे स्वतःच्या शिध्यातून खर्च करतात. आयोजकांना विचारून कुटुंबासाठी तांदूळ, डाळ, साखर, चहा नेणे योग्य. शाकाहारींनी ते आधीच कळवावे. डाळी, भात, पाव आणि खजूर यांवर चार दिवस निभतात, जोडीला मेतकूट किंवा सातूचे पीठ असले की झाले.

चहाचे तीन पेले हा पाहुणचाराचा गाभा आहे आणि त्याला तासभर लागतो. तो वेळ द्यावा. छावणीतल्या आयुष्याबद्दल सर्वांत जास्त याच वेळी कळते. चहा मात्र कडक असतो, तेव्हा शर्यतीच्या आदल्या रात्री उशिराच्या फेरीला हात छातीवर ठेवून नम्र नकार दिला तरी कोणी वाईट वाटून घेत नाही. छावणीत वावरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. छायाचित्र विचारूनच काढावे, विशेषतः स्त्रियांचे आणि मुलांचे. रस्त्यात मुलांना गोळ्या, पेने, पैसे वाटू नयेत. त्यातून मुलांना हात पसरण्याची सवय लागते आणि भांडणे होतात. शालेय वस्तू शाळेत, औषधे दवाखान्यात, आधी विचारून आणि मुदत तपासून द्यावीत.

पैशांचा हिशेब

निधी जमवताना देणगीदारांना तीन गोष्टी सुरुवातीलाच सांगाव्यात: पैसे कोणत्या संस्थेकडे जाणार, कोणत्या कामासाठी, आणि धावपटूचा प्रवासखर्च त्यातून होणार की नाही. प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून करणे सर्वांत स्वच्छ. भारतातून परदेशी संस्थेला थेट पैसे पाठवायचे असतील तर ते रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत धनप्रेषण योजनेखाली, बँकेमार्फत, देणगी असे कारण नोंदवून पाठवावे लागतात. त्या योजनेची व्यक्तिगत मर्यादा एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे. देणगीवरची आयकर सवलत भारतात नोंदलेल्या पात्र संस्थांना दिलेल्या देणगीलाच मिळते, हे आधी स्पष्ट केले की नंतर गैरसमज होत नाहीत. इतरांचे पैसे स्वतःच्या खात्यात गोळा करणे शक्यतो टाळावे, देणगीदाराने संस्थेला थेट द्यावे. ज्यांना प्रवास परवडत नाही किंवा प्रकृती साथ देत नाही, त्यांनी विमानाच्या तिकिटाइतकी रक्कम छावण्यांत काम करणाऱ्या एखाद्या विश्वासार्ह संस्थेला द्यावी आणि तोच पल्ला जवळच्या माळावर धावावा. छावणीतल्या शाळेला याचा उपयोग तितकाच होतो.

शर्यतीनंतर दोन आठवडे फक्त चालणे आणि हलकी धाव पुरे. फोडांतून जंतुसंसर्ग होत नाही ना हे रोज पाहावे. परतल्यावर महिनाभरात ताप किंवा न थांबणारे जुलाब झाले तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती द्यावी. देणगीदारांना त्याच महिन्यात हिशेब पाठवावा: जमलेली रक्कम, बँकेने कापलेले शुल्क, संस्थेची पावती आणि काम कुठवर आले याची चार वाक्ये. यजमान कुटुंबाचे छायाचित्र त्याला जोडायचे असेल, तर त्यासाठी त्यांची परवानगी तिथेच, निघण्यापूर्वी घेतलेली असावी.